निंबाआप्पांची सहा ताटं

चहासोबत बिस्किट समोर आलं की आधी पुडा उलटून तारीख पाहायची, ही सवय मला निंबाआप्पांनी लावली. त्यांच्याकडच्या बिस्किटाची मुदत बहुधा त्याच दिवशी संपत असते.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. सारा जन्म कापडाचे लूम दुरुस्त करण्यात गेला आणि आता निवृत्त होऊन पुराची तयारी करतात. सुरतेतल्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत ते वर राहतात, मी बरोबर खाली. त्यांच्या माळ्यावर धाग्याच्या कोनांची रिकामी खोकी रांगेत लावलेली. त्यांत पोहे, मेणबत्त्या, मेणात बुडवलेल्या काडेपेट्या, जुलाबाच्या गोळ्या आणि कापडाच्या काठांचा स्वतः वळलेला दोर. प्रत्येक खोक्यावर तारीख. नियम एकच, 'जुनं पहिले'. जुनं संपवायचं, नवं वर चढवायचं.

यामुळे त्या घरात ताजं काही खाल्लंच जात नाही. जिजी, म्हणजे त्यांची बायको, एकदा वैतागून म्हणाल्या, "पूर येवाना तवय येवो, मी आजच शिळं खाई खाई मरी जासू!"

"पानी सांगीसन येस का?" आप्पांचं ठरलेलं उत्तर.

तसं त्यांचं चूक नाही. सुरतेत पुराला पाऊस लागतोच असं नाही. इथे लख्ख ऊन असतं, तिकडे वरच्या धरणातून पाणी सोडतात, तापी फुगते आणि गल्लीमागची खाडी न विचारता घरात शिरते. पण दोन माणसांच्या घरात सहा ताटं, सहा टॉर्च, सहा शिट्ट्या? मी विचारलं, तर म्हणाले, "एखादी वाजनी नही त?" मृगाच्या आधी ते तालीम घेतात. शिट्टी वाजली की आम्ही सगळ्यांनी जिना चढायचा. एकदा त्या शिट्टीने नाक्यावरचे रिक्षावाले पोलीस आले समजून पळाले. आप्पा मात्र घड्याळ बघून मला म्हणाले, "भो, तू बुडना."

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. धरणाची पातळी वाढली की आप्पा खुलायचे, दाढी करायचे. धोका टळला की गल्ली देवाला नारळ फोडायची आणि आप्पा तोंड पाडून बसायचे. तयारी वाया गेली म्हणून खट्टू होत असतील, असं मी समजायचो. चारचौघांत त्यांची नक्कलही करायचो.

यंदाही पाणी आलं आलं म्हणता ओसरलं. मी वर गेलो. आप्पा सहा ताटं पुसून परत खोक्यात भरत होते. मी म्हटलं, "आप्पा, पूर गेला, आता तरी हसा!"

ते हसले नाहीत. "मागला पूरमा दोन्ही पोरे सुनासंगे इठे व्हतात. चार दिन. दोन्ही भाऊ एकच ताटमा जेवनात." मग दोरी बांधता बांधता म्हणाले, "पानी उतरनं, पोरे बी उतरी ग्यात."

थोरला शहराच्या एका टोकाला कडोद्र्याला राहतो, धाकटा दुसऱ्या टोकाला इच्छापोरला. कुठल्याशा लग्नातल्या मानापानावरून दोघांचं बोलणं बंद. एक येणार म्हटलं की दुसरा येत नाही, म्हणून दोघेही येत नाहीत. मला माझ्या नकलांची लाज वाटली.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी दोघांना फोन केले. "गल्लीत पाणी शिरलंय. आप्पा वरून उतरायला तयार नाहीत. तुझा भाऊ तर येत नाही म्हणतो, तूच ये." खोटं बोललो, पण दोघांनाही अगदी सारखं बोललो.

तासाभरात दोन मोटारसायकली गल्लीच्या दोन टोकांनी आल्या. मागे सुना, हातात पिशव्या. कडक उन्हात गल्ली कोरडी ठणठणीत, पोरं क्रिकेट खेळत होती. भाऊ एकमेकांकडे बघेनात, म्हणून दोघेही माझ्याकडे बघू लागले. आवाज ऐकून आप्पा खाली आले होते, मी त्यांच्या मागे लपलो.

"आप्पा, पानी कोठे शे?" थोरल्याने विचारलं.

आप्पांनी गल्ली पाहिली, मला पाहिलं. वर जिजी खिडकीत आल्या. त्यांनी कालच आणलेला बिस्किटांचा नवा पुडा सगळ्यांदेखत फोडला, आणि आप्पांनी त्यांना 'जुनं पहिले' म्हणून अडवलं नाही.

"येई पानी," ते पोरांना म्हणाले. "वर चला, बसा. पानी सांगीसन येस का?"