मणगण्यात उभा राहिलेला दवला

त्या सोमवारी सकाळी बाबा संडासातून असे बाहेर आले, जणू पंचायतीची निवडणूक जिंकलेत. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. इसबगोलचा आठवा दिवस, आणि पोट एकदाचं ताळ्यावर!

यश माझं होतं. मी गोव्यातल्या साखळी गावच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे; औषधाच्या डब्यावरचा मजकूरसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. सुरुवात छोट्या चमच्याने. कालवल्याबरोबर प्यायचं, नाहीतर पेल्यातच खरवस होतो. वर भरपूर पाणी. बाकीच्या गोळ्या दोन तासांच्या अंतराने. आणि ज्याला गिळायला त्रास होतो, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हे सगळं मी बाबांकडून रोज म्हणवून घ्यायचे.

"बाय," ते म्हणायचे, "पोट माझं आणि परीक्षा तुझी."

एकच घोटाळा झाला होता. पेडण्याच्या दमट हवेत इसबगोलचा डबा मऊ पडला, म्हणून मी तो काचेच्या बरणीत ओतला. शेजारी तशीच बरणी तांदळाच्या पिठाची. हजारो पुस्तकांना क्रमांक चिकटवणाऱ्या बाईला दोन बरण्यांसाठी कसली चिठ्ठी लागते!

त्या संध्याकाळी देवळात नैवेद्याची पाळी आमच्या घराची. पाळी वर्षातून एकदा येते आणि बाबांच्या मणगण्याच्या खिरीची वाड्यावरचं प्रत्येक घर वर्षभर वाट बघतं. हरभऱ्याची डाळ, गूळ, नारळाचा रस, शेवटी दाटपणाला तांदळाचं पीठ. पन्नास वर्षं ते स्वतः करत आले. मी म्हटलं, यंदा तुम्ही सोप्यावर बसा, मी करते.

वाफेने चष्मा धुरकटलेला. मी पीठ रसात कालवून ओतलं. दाट होईना. आणखी ओतलं. तरी पाणीच. बाहेरून बाबांनी विचारलं, "दाट जाता मगे?" मी ठणकावून हो म्हटलं आणि उरलेली बरणी उपडी केली. चाखून बघण्याचा प्रश्नच नव्हता. देवाच्या आधी नैवेद्याला जीभ लावायची नसते!

पाण्यात झटकन फुगणारा इसबगोल गूळ-नारळाच्या रसात मात्र निवांत फुगतो. तो आरतीभर फुगला. आरती संपली तेव्हा आमचा वाढायचा करवंटीचा दवला टोपात कुणी न धरता उभा होता, एखाद्या झेंड्यासारखा.

प्रसाद नाकारायची आमच्याकडे रीत नाही. सगळ्यांनी भक्तिभावाने द्रोण घेतले. शेजारच्या विनोदिनीकाकींनी आपला द्रोण तिरका केला, मग पुरता उलटा केला. मणगणं लोंबलं, पण पडलं नाही. माझ्या बोटाला लागलेलं बुळबुळीत होतं. मला एका क्षणात बरणी दिसली.

आणि दिसले विठूमामा. आमचे भजनी, वर्षभरापूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालेले, तेव्हापासून घास मोजून गिळणारे. त्यांचा पहिला घास ओठापाशी होता. मी धावले आणि हातातून द्रोण हिसकावून घेतला. भर देवळात! बोलणी थांबली. मामा थक्क. सगळे माझ्याकडे बघताहेत. एवढं वाचलेलं, पण "चुकले" हा शब्द सापडेना.

बाबांनी टोपातल्या उभ्या दवल्याकडे बघितलं आणि ते खांबाला धरून उठले.

"चूक माझी," ते म्हणाले. "मणगणं मी केलं, म्हातारपणी बरणी चुकली. ते इसबगोल आहे. विठू, तू खाऊ नको. कोणीच खाऊ नका, माडाच्या मुळात घाला. बाय, उदक दी सगळ्यांक."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी कळशी घेऊन फिरले. ज्यांनी घास गिळला होता त्यांना पेल्यावर पेले पाजले. कुणाला काही झालं नाही. फक्त बाबांची टिंगल झाली. उद्या पहाटे वाड्यावर रांगा लागणार, असं कुणीतरी म्हणालं आणि बाबाच सगळ्यांत मोठ्याने हसले.

मी ठरवलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सोप्यावरच्या खुर्चीतून उठले नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. इसबगोलचा काही संबंध? मी तीनदा विचारलं. बाबांनी मणगण्याचा एक घासही घेतला नव्हता, तरी विचारलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मलाच खुर्चीत बसवलं.

बाराव्याला आलेला प्रत्येक जण तीच गोष्ट सांगायचा, हसायचा, डोळे पुसायचा. पन्नास वर्षं उत्तम मणगणं करणारा माणूस माझ्या मणगण्यामुळे लक्षात राहिला. मी चहा ओतत राहिले.

या सोमवारी आमची पाळी परत आली. आता घरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी आहे, मिठाच्यासुद्धा. आरती झाली, द्रोण वाटले. विठूमामांनी आपला द्रोण तिरका करून बघितला, पाण्याचा तांब्या आधीच जवळ ओढून ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आज कोणी केलां गो, गौरवी? तुझ्या बापायची पद्धत न्हय मगे?"

सगळे हसले. मीही हसले. मग दवला खाली ठेवला.

"ती बाबांची पद्धत नव्हती, मामा. बरणी माझी चुकली. गेल्या वर्षीचं मणगणं मी केलं होतं." आणि मामांचा हात तांब्याकडे गेलेला दिसला म्हणून सांगूनच टाकलं, "आजचंही मीच केलंय."