मुलाणी सरांच्या नवनवीन टी

आमच्या इमारतीत कुणी नवीन राहायला आलं, की मी त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाणी सरांनी दारात थांबवून "या ना, नवीन टी आणलीय" असं म्हटलं, तर चहाच्या आशेनं आत जाऊ नका. सर ट्रे घेऊन येतात. ट्रेवर स्वच्छ रुमाल असतो आणि रुमालावर गोल्फच्या खुंट्या मांडलेल्या असतात.

गोल्फमध्ये पहिला फटका मारताना चेंडू जमिनीपासून बोटभर उंच राहावा म्हणून खाली एक खुंटी रोवतात. तिला टी म्हणतात. साधी टी लाकडाची, मोठ्या खिळ्याएवढी असते आणि जगभरच्या माणसांना पुरते. सरांना पुरत नाही. त्यांच्याकडं गाजराच्या आकाराची टी आहे. डोक्यावर दात घासायच्या ब्रशासारखे केस असलेली आहे. बदकाच्या पायाची आहे. एक अंधारात चमकते. आता अंधारात गोल्फ कोण खेळतं, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, "गायकवाड, नकाशा डोळ्यासमोर आणा. आपण घाटमाथ्यावर राहतो. धुकं कधी उतरेल सांगता येतं का?"

सरांनी आयुष्यभर लोणावळ्यात भूगोल शिकवला. त्यामुळं त्यांना कुठलीही गोष्ट समजावून सांगताना आधी नकाशा लागतो. भाजीवाल्याला पत्ता सांगतानासुद्धा ते उत्तर दिशेपासून सुरुवात करतात.

गोल्फची बॅग खरं तर त्यांच्या मुलाची, आरिफची. पुण्यात नोकरीला असताना त्यानं साहेबांच्या नादानं ती घेतली आणि कॅनडाला जाताना इथंच ठेवली. सर निवृत्त झाले, घरात एकटे, तेव्हा एक दिवस त्यांनी बॅगेची चेन उघडली. तिथून हे सुरू झालं.

लोणावळ्यात सपाट जागा सापडलीच, तर तिथं आधीच कुणीतरी बंगला बांधलेला असतो. म्हणून सर रविवारी कार्ल्याला जातात. तिथं त्यांचा जुना विद्यार्थी सोपान शेती करतो. भात कापून झालं, की त्याचं खाचर म्हणजे सरांचं मैदान. एकदा सरांनी स्प्रिंगची टी रोवली, डोळे बारीक करून कार्ल्याच्या डोंगराकडं पाहिलं आणि जोरात काठी फिरवली. त्यांच्याबरोबर गेलेले आम्ही शेजारी लांब बघत राहिलो.

सोपान शांतपणे म्हणाला, "सर, चेंडू हितंच हाय. खुंटी गेली तिकडं."

"म्हणजे ताकद आहे तिच्यात," सर म्हणाले.

"व्हय, लय ताकद हाय. म्हशीला लागली."

मी तळेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. कुठलीही वस्तू सांगितलेलं काम करते का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. या असल्या टी विकत घेण्यात काही अर्थ आहे का, याचा एकदा निकाल लावू, असं मीच सरांना म्हणालो. त्यांनी विषय दोनतीनदा टाळला. शेवटी एका रविवारी मी टेप घेऊन त्यांच्या मागोमाग कार्ल्याला गेलो.

सरांनी प्रत्येक टीवरून चेंडू मारला. मी मोजलं. गाजर, ब्रश, बदक, सगळे चेंडू बांधाच्या अलीकडं एकमेकांना खेटून पडले. मग मी साधी लाकडी टी पुढं केली. तो एकच चेंडू बांध ओलांडून गेला.

"झालं, सर," मी म्हणालो. "आता पैसे घालवू नका."

सर एकेक टी पुसून डबीत ठेवू लागले. परत येताना हायवेवरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तेव्हा ते म्हणाले, "संध्याकाळी आरिफचा फोन येईल. त्याला हे सांगू नका."

"का?"

"पूर्वी मी विचारायचो, जेवलास का? तो म्हणायचा, हो. मग तो विचारायचा, औषध घेतलं का? मी म्हणायचो, हो. मग आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसायचो." सरांनी कप फिरवला. "ती गाजराची टी मी गंमत म्हणून दाखवली, तर पोरगं हसायला लागलं. नंतर बराच वेळ बोलत होतं. आता फोन आला की आधी विचारतो, अब्बा, नवीन काय?"

संध्याकाळी सरांनी मला हाताला धरून घरात नेलं. फोन आला. पडद्यावर आरिफ, मागं खिडकीत बर्फ. माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, आज तपासणी होती ना? खरं सांगा, कुठली भारी?"

सर रुमालाची घडी करत होते. झालेली घडी मोडून पुन्हा करत होते.

कारखान्यात मी खोट्या रिपोर्टवर कधी सही केलेली नाही. म्हणालो, "निकाल लागला नाही रे. घाटाकडून वारा फार होता. आणखी काही टी बघाव्या लागतील."

"वाटलंच मला," आरिफ म्हणाला. "अब्बा, मी लांब दांडीनं रोवायची एक टी बघितलीय. तिच्यासाठी फार वाकावं लागत नाही. तुम्ही टी रोवता तेव्हा जोर कुठल्या गुडघ्यावर येतो?"

"उजव्या," सर म्हणाले. मग रुमाल बाजूला ठेवून म्हणाले, "दुखतो रे तो. जिना चढताना फार."

एका जिन्यात राहूनही त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.