सातव्या होलवरचा बाक

वाघमारे काका लिंबूसुद्धा पिशवीत टाकत नाहीत. गुडघ्याच्या उंचीवर धरतात आणि सोडतात. आमच्या बरकतपुऱ्यातला भाजीवाला आता त्यांची पिशवी जमिनीवर पसरूनच ठेवतो. "साब का निंबू है, कायदे से गिरेगा," असं बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगतो.

हा कायदा गोल्फचा. खेळात फुकट सवलत मिळाली, की चेंडू उचलून गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. खांद्यावरून नाही, कमरेवरून नाही. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे नांदेडकडचे. शहराबाहेर आमचं नऊ होलचं छोटं मैदान आहे. तिथे बडी बडी माणसं येतात, पण नियमांचं पुस्तक एकट्या काकांच्या खिशात असतं.

"दंड कैकू?" म्हणजे दंड कशाला, हे त्यांचं ब्रीदवाक्य. चेंडू डांबरी वाटेवर गेला? दंड कैकू? घुशीच्या बिळात गेला? दंड कैकू?

एकदा माझा चेंडू कडुलिंबाच्या बुंध्याला चिकटला. मी ऐटीत उचलायला वाकलो.

"हात लावू नको, जाधवा! झाडाला सवलत नाही."

"पण काका, हे झाड माळ्यानं लावलंय. म्हणजे माणसानंच केलेलं!"

"लावलं माणसानं, वाढलं स्वतःच्या मर्जीनं. निसर्गानं दिलं ते सोसायचं. माणसानं घातलेल्या अडथळ्याचा दंड मात्र भरायचा नाही. आमच्या घराण्याला हे गोल्फच्या आधीपासून ठाऊक आहे."

चार फटके मारून मी झाडाखालून बाहेर आलो.

आता गंमत ऐका. बाकीच्या आठ होलवर काकांचा फटका रुळासारखा सरळ. सातव्यावर मात्र चेंडू हमखास डावीकडे, सिमेंटच्या जुन्या बाकापाशी. मग सोहळा सुरू. बाक जमिनीत पक्का रोवलेला, म्हणजे सवलत. अडथळा पूर्ण सुटेल अशी जवळात जवळची जागा शोधायची, तिथून एक काठी मोजायची. गोल्फच्या क्लबला काका काठीच म्हणतात. मोजण्याआधी 'विचार करायला' बाकावर पाच मिनिटं बसायचं. मागचे लोक बोंबलायचे.

वर ती सवलतीची जागा सगळी खडकाळ!

"काका, होतं तिथून मारा की. सवलत घेऊन वाटोळं होतंय."

"भांडून मिळवलेला हक्क वापरायचा नाही? हौला है क्या, येड्या?"

मागच्या महिन्यात नवे सेक्रेटरी आले. त्यांनी सभेत जाहीर केलं, की सातव्या होलवर खेळ तुंबतो. काका पुस्तक उघडून उभे राहिले. "बाक अचल अडथळा आहे. त्याची सवलत कुणाचा बापही काढू शकत नाही."

"सवलत कोण काढतंय?" सेक्रेटरी गोड हसले. "रविवारी आम्ही बाकच काढतोय."

काकांनी पुस्तक मिटलं आणि मला जयभीम न घालता निघून गेले. आमच्या वीस वर्षांच्या शेजारात असं पहिल्यांदा घडलं.

रविवारी मी सकाळी लवकरच मैदानावर पोचलो. दोन मजूर पहार टेकून उभे. काका बाकावर, इस्त्रीच्या शर्टात, एका टोकाला ताठ बसलेले.

"सार, जरा उठो ना," मजूर काकुळतीला आलेला.

"नक्को. बाक उखडता येतो ना? मग माझ्यासकट उखडा."

सेक्रेटरी तणतणत आले, तोंड उघडलं आणि थबकले. काकांच्या शेजारी थर्मास होता आणि स्टीलचे दोन पेले. दोन्हींत वाफाळता चहा.

काका कुणाकडेही न बघता बोलले. "शकूचे गुडघे इथपर्यंतच साथ द्यायचे. सहा होल माझ्याबरोबर चालायची, सातव्याला इथं चहा. मग मी पुढं, ती इथंच बसायची. बास, पाच मिनिटं लागतात मला. त्याचा दंड कैकू?"

शकूकाकू जाऊन दोन वर्षं झाली होती; मी खेळायला लागलो ते त्यानंतर. त्या मैदानावर यायच्या, हे शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं.

सेक्रेटरींची नजर दुसऱ्या पेल्यावर गेली. मग ते मजुरांवर खेकसले, "इधर क्या कर रै तुम लोगां? तिकडं नळ फुटलाय, तो बघा!" आणि आले तसे तणतणत गेले.

मी थर्मासजवळ बसायला गेलो.

"तिथं नको. एक काठी सोड."

काकांनी खरोखरच काठी आडवी ठेवून मोजली. मी बाकाच्या पार टोकाला, अर्धा हवेत बसलो.

"दंड?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले, आणि स्वतःचा पेला माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या पेल्याला त्यांनी हात लावला नाही.