पाठिंबा देणारा इन्व्हर्टर

मुलुंडच्या ‘शुभांकर’ सोसायटीचे अध्यक्ष नंदकुमार यांनी गच्चीवर सोलर बसवलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, “आता आपल्याकडे लाईट जाणार नाही. गेली, तर मी अध्यक्षपद सोडतो.” अकरा वर्षं जिवापाड जपलेलं पद कोणी असं पणाला लावतं का? पण हातात माईक आला की नंदकुमारांचं तोंड आवरत नाही, त्याला कोण काय करणार.

उद्घाटनाच्या दिवशी, साडेअकराच्या रणरणत्या उन्हात, अख्ख्या एरियाची लाईट गेली. पाठोपाठ सोलरही बंद. आणि नंदकुमारांचे कट्टर विरोधक शिवदास चौथ्या मजल्याजवळ लिफ्टमध्ये अडकले. सगळी सोसायटी तिथल्या जिन्यावर गोळा झाली.

“अरे सिद्धेश, सूर्य आहे ना वर?” नंदकुमारांनी सोलरवाल्या इंजिनियरला धरलं.

“काका, हा सोलरचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनचा ताल बघून वीज सोडतो. आरतीत काही जण दुसऱ्याकडे बघून टाळ्या वाजवतात ना, तसा. बाहेरचा ताल थांबला की हा गप्प.”

“मग स्वतः ताल धरणारा नसतो?”

“असतो ना, बॅटरीवाला. मी मीटिंगमध्ये दाखवला होता. तुम्ही सगळे एकमेकांकडे बघून ‘नंतर बघू’ म्हणालात.”

“राजीनामा दे आधी,” लिफ्टमधून शिवदासांचा आवाज आला.

नंदकुमारांचा चेहरा उतरला. दारावरची ‘अध्यक्ष’ पाटी त्यांनी गेल्याच आठवड्यात नवी करून घेतली होती. पण शब्द दिला होता. “दिला,” ते म्हणाले.

“मग आता नवीन कोण?” जिन्यावरच्या गर्दीतून रुचिराने विचारलं.

“मला ऑफिस असतं यार,” हर्षद घाईघाईने म्हणाला. “श्वेता उभी राहिली तर माझा पाठिंबा.” श्वेताचा पाठिंबा रुचिराला होता आणि रुचिराचा शिवदासांना.

नंदकुमारांनी लिफ्टच्या दाराला तोंड लावलं. “शिवदास, तू होतोस का रे?”

आतून उत्तर आलं, “ज्याला सगळे निवडतील, त्याला माझा पूर्ण पाठिंबा.”

“सगळे याच मॉडेलचे आहेत,” सिद्धेश पुटपुटला.

नंदकुमारांची बायको कुंदा इतका वेळ पायरीवर बसून पदराने वारा घेत होती. तिने विचारलं, “लिफ्टवाल्याला फोन कोणी केलाय?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. अर्धा तास झाला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने केला असेल.

कुंदाने फोन लावला, माणूस निघाल्याची खात्री करून घेतली आणि उठून उभी राहिली. “मीच होईन अध्यक्ष. कोणाला काही बोलायचंय?”

भराभर हात वर झाले. लिफ्टमधूनही “वहिनींना पाठिंबा” असं ऐकू आलं. नंदकुमारांनी डावीउजवीकडे बघून घेतलं आणि मग आपलाही हात वर केला.

“अहो, तुम्ही खाली थांबा,” कुंदा त्यांना म्हणाली. “लिफ्टवाला आला की वर घेऊन या.”

पडलेल्या चेहऱ्याने नंदकुमार चार मजले उतरले. खाली तळमजल्याच्या शांताबाई रिकामी बादली घेऊन त्यांचीच वाट बघत उभ्या होत्या. “पंप बंद आहे, नळाला थेंब नाही. पाणी कधी येणार, सांगा आधी.”

नंदकुमार सवयीने सबब शोधायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू खुलला.

“अध्यक्षांना विचारा,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून सावलीत बसले.