देवपुजारी आणि आमची नापास कॅरव्हॅन

देवपुजारी कुणाच्याही घरी गेला की आधी बूट काढतो आणि मग खिशातून टेस्टर. घरातला एकेक सॉकेट तपासून झाल्याशिवाय तो पाण्यालाही शिवत नाही. "आधी अर्थिंग, मग चहा," हे त्याचं ब्रीद. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या आमच्या औषध कारखान्यात तो इलेक्ट्रिकल बघतो, मी बॉयलर. माणूस नागपूरचा, भाड्याच्या घरात एकटाच राहतो. बायको आणि मुलगी "पुढच्या वर्षी येऊन राहिल्या" असं दरवर्षी सांगतो. तारांचं इन्सुलेशन तपासायच्या मेगरला दसऱ्याला हळदकुंकू वाहतो आणि तो तसाच कामावर आणतो. एकदा त्याचे लाल हात बघून आयरिश फोरमन बँडेज घेऊन धावत आला होता.

या माणसाचा मला हेवा वाटतो, हे सरळ सांगून टाकतो.

आम्ही जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेतली. गाडीमागे जोडून बँक हॉलिडेच्या जोडून सुट्टीत समुद्रकाठच्या केरीला जायचं, असा बेत. विकणारा म्हणाला होता, विजेचं सगळं ग्रँड आहे, म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक. देवपुजारी म्हणाला, "ग्रँड हे काही रीडिंग नाही. मी सर्टिफिकेट दिल्याशिवाय तुझ्या पोरीला आत झोपवायचं नाही." इथला परवानाही होता त्याच्याकडे, त्यामुळे बोलणंच खुंटलं.

त्या शनिवारपासून कॅरव्हॅन माझी राहिली नाही. आधी एका सॉकेटात फेज-न्यूट्रल उलटे निघाले. पुढच्या शनिवारी खालच्या लोखंडी सांगाड्याची अर्थची तार गंजलेली निघाली. "नापास!" असं तो अगदी आनंदानं ओरडायचा. माझी बायको शुभदा त्याच्यासाठी थालीपीठं लावायची आणि मला टोस्ट. तेही सोसलं असतं. पण सई! मी मराठीत काही विचारलं की "आयम ग्रँड, डॅड" म्हणून सटकणारी माझी पोर त्याच्याशेजारी गवतावर पालथी पडून विचारायची, "काका, अर्थ येऊन राहिला का?" माझ्या मुलीच्या तोंडी मराठी, आणि तीही नागपुरी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निघायच्या दिवशी शेवटचं रीडिंग तेवढं बाकी होतं. शुभदा पूजेचं ताट घेऊन आली. सई ताटातला नारळ उचलून म्हणाली, "हा काका फोडेल." मी तो तिच्या हातातून हिसकावला. मालक कोण हे एकदाचं दाखवायला हातोडी अशी हाणली की पाणी उडालं ते थेट वीज आत घ्यायच्या उघड्या खोबणीत.

देवपुजारीनं मेगर लावला. "नापास. नारळपाणी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शुभदा सईला घेऊन आत गेली. देवपुजारी गुडघ्यांवर बसून शुभदाच्या हेअर ड्रायरनं खोबण वाळवू लागला. तेही मला सहन होईना. मी म्हणालो, "तुला स्वतःची मुलगी आहे ना? तिला शिकव की मराठी!"

"तिला येते ना मराठी," तो वर न बघता म्हणाला. "बोलत नाही फक्त. दर शनिवारी फोन लावतो, तर आई सांगते, झोपली. तिथं संध्याकाळ असते. संध्याकाळी कोण झोपून राहतं बे?"

ड्रायर चालूच होता. मला फार लाज वाटली, आणि हेवा मात्र होता तिथेच होता.

दुपार कलता कलता कॅरव्हॅन पास झाली. मी म्हणालो, "तूही चल आमच्याबरोबर."

"नाही रे. वहिनी, केबल पूर्ण उलगडा बरं का. गुंडाळीतच ठेवली तर तापते." मग त्यानं तेच मला सांगितलं. मग गाडीत बसलेल्या सईच्या खिडकीशी गेला आणि तिलाही सांगितलं.

सईनं ते त्याला शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, मराठीत, त्याच्याच सुरात.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिनं पुन्हा म्हटलं. तो खिडकीला हात लावून ऐकत उभा होता. मी गाडी सुरू केली नाही.