म्बीरांचे दात

शुवाईने गुडघे टेकून तिसऱ्यांदा रश्शाची वाटी पुढे केली, तेव्हा तिचे सासरे ग्वातिद्झो मास्तर भलतेच खुशीत होते.

"सूनबाई, मटण काय मऊ झालंय! कसलं गं?"

"डॅसीचं, बाबा. शेजारचे काका दक्षिणेतून परतलेत ना, त्यांनी दिलं."

मास्तरांचा घास गालातच थांबला. हरारे शहरात वाढलेल्या शुवाईला ठाऊक नव्हतं, पण त्यांना होतं. दक्षिणेतले लोक डॅसी म्हणतात तो खडकांच्या कपारीत राहणारा, सशाएवढा, बिनशेपटीचा जीव म्हणजेच म्बीरा. आणि म्बीरा हे या घराण्याचं कुलनाव. गावात मास्तरांना कुणी नावाने हाक मारत नसे, टाळ्या वाजवून "म्बीरा!" म्हणूनच मान देत. कुळाचा प्राणी खाणं म्हणजे आपलंच नाव गिळणं. शिक्षा ठरलेली: दात पडतात.

"अगं, मला म्बीरा खाऊ घातलास!"

ती ओरड ऐकून मास्तरांची थोरली बहीण अंगणातून धावत आली. सून ठेवायची की माहेरी धाडायची, हे आत्याबाईंच्या तोंडून ठरे. त्या तोंडात दोनच दात होते. बाकीचे उसाने गेले, असं त्या सांगत.

"तोंड उघड, भाऊ. दात मोजू दे."

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. सत्तरीतले त्यांचे बत्तीस दात म्हणजे कुळाच्या शुद्धतेचा दाखलाच. बैठकीत ते हसून दाखवत. आत्याबाईंनी जबडा धरून ओढला, आणि वरची अख्खी कवळी मांडीवर पडली.

"पडले! एकदम सगळे!" आत्याबाई ओरडल्या. "शुवाई, बांध तुझं गाठोडं!"

शुवाईचे डोळे भरले. तिने ताटं गोळा करायला घेतली. तिच्याकडे पाहून मास्तरांना राहवलं नाही.

"थांब, पोरी. ताई, हे दात विकतचे आहेत. माझे जाऊन अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं? म्हणजे तेव्हा काहीतरी खाल्लं असशील!"

"खाल्लं होतं की. कापणीच्या वेळी तू सशाचं म्हणून सुकं मटण पाठवलं होतंस. फार चवदार होतं. एका दुपारी मी सबंध गाडगं संपवलं."

शुवाईने डोळे पुसले, कवळी धुऊन सासऱ्यांच्या हाती दिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"आत्याबाई, तुमचे दात उसानेच गेले ना?"

"उसानेच!" असं म्हणून त्यांनी जे तोंड मिटलं, ते संध्याकाळी आपल्या घरी पोचेपर्यंत उघडलं नाही.