पंधराव्या शतकातील मिरची

आमचे शेजारी बोरकुटे सर यांच्या परसातील एका वाफ्यात मिरची लावणे हा अपराध समजला जातो. कारण तो वाफा पंधराव्या शतकाचा आहे.

सर गडचिरोलीत पदव्युत्तर वर्गाला इतिहास शिकवतात, तोही फळ्यावर नव्हे, परसात. प्रत्येक वाफ्याला शतकाची पाटी. पोर्तुगीजांची गलबते येण्यापूर्वीच्या वाफ्यात वांगी, तूर, आले. नंतरच्या वाफ्यात बटाटे, टोमॅटो, मिरची. पहिल्या वाफ्यातील भाजी विद्यार्थ्यांनी रांधून खायची. तिखटाला केवळ मिरे.

"सर, चवच नाई लागून राह्यली!"

"राजेमहाराजे असेच जेवले, बाबू. तू काऊन रडून राह्यला?"

मीही सुटलो नाही. जन्मभर संस्कृत शिकवले, नित्यपूजा कधी चुकवली नाही, आणि एके सकाळी माझ्या परडीतील झेंडू पाहून सर म्हणाले, "गुरुजी, हे फूल परदेशी आहे जी. गलबतातून आलं." त्या दिवशी देवापुढे मला उगाच अपराधी वाटले. देवाने तक्रार केली नाही.

तक्रार करीत त्या सरांच्या पत्नी, कमलबाई. "तुमच्या पंधराव्या शतकात मी जेवाले नाई येत!" असे बजावून त्यांनी एकदा त्याच वाफ्यात, तुरीच्या आड, मिरचीचे रोप खोचले. सरांनी आठवडाभर अबोला धरला. रोप मात्र उपटले नाही. पुढे कमलबाई देवाघरी गेल्या.

सरांची प्रात्यक्षिक परीक्षा अशी: चुकीच्या शतकातील झाड ओळखून उपटायचे. यंदा त्यांनी पंधराव्या शतकाच्या वाफ्यात मुद्दाम टोमॅटोचे एक रोप दडवले होते. मी कुंपणापाशी फुले तोडत होतो. सिरोंच्याची विद्यार्थिनी लक्ष्मी तुरीत शिरली आणि तिने थेट मिरचीला हात घातला.

"थांब!"

सरांचा एवढा चढा स्वर मी प्रथमच ऐकला.

"पण सर, चुकीचीच आहे ना ही?" लक्ष्मी चाचरली.

"चुकीचीच आहे. पूर्ण गुण तुले." मग हळूच म्हणाले, "पण उपटू नको, माय. तुमच्या काकूनं लावली होती. दरवर्षी बी धरून मीच पुन्हा लावतो."

दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या रोपाभोवती दगडांचे आळे रचून त्याचा स्वतंत्र वाफा केला. पाटीही रोवली, तिच्यावर शतक लिहिले नाही. पूजेला निघताना मी परडीतील एक झेंडू त्या पाटीपाशी ठेवला.

"गुरुजी, परदेशी फूल," सर पुटपुटले. मग पाणी घालताना ते वाहून जाऊ नये, म्हणून त्यांनी त्याच्याभोवती तळहाताचा बांध धरला.